दुष्काळ कोणी ठरवायचा?

पाऊस कमी पडणे ही निसर्गातली घटना आहे. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पाणी साठले, ते सरासरीपेक्षा किती कमी आहे, हे कोणालाही मोजता येते. दुष्काळाचे तसे नाही. तो सरकारी कागदावर ‘जाहीर’ व्हावा लागतो. तो जाहीर होण्याआधी विहिरी तळाला गेलेल्या असतात, जनावरे बाजाराला लागलेली असतात, घरटी एक-दोन माणसे गाव सोडून निघालेली असतात. पण जाहीर होईपर्यंत सारा माफ होत नाही, कर्जवसुली थांबत नाही, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्कही माफ होत नाही. म्हणजे निसर्गातला दुष्काळ आणि कागदावरचा दुष्काळ यांच्यामध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. या काळात काय घडते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. एके काळी माणसांचे जगणे-मरणेच त्यावर अवलंबून होते.

दुष्काळ आला आहे हे कोणी ठरवायचे, कशावरून ठरवायचे, आणि ठरल्यावर मदत ही सरकारची मेहेरबानी मानायची की लोकांचा हक्क? या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलत गेली, ते महाराष्ट्रापुरते आपण येथे पाहू.

आधी थोडा भूगोल

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी सोडतात. पूर्वेकडे उतरताना ते तापतात व कोरडे होतात. हा पर्जन्यछायेचा पट्टा नाशिक-नगरपासून सांगली-सोलापूरपर्यंत पसरला आहे. मराठवाड्याचा बराच भागही त्याला जोडून येतो. राज्याचे सुमारे एक तृतीयांश क्षेत्र अवर्षणप्रवण मानले जाते.

दुसरी अडचण खडकाची. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. वाळूच्या थरात पाणी भरपूर मुरते. बेसाल्टमध्ये मात्र ते फक्त झिजलेल्या मुरमात आणि भेगांत राहते. भूजलाचे हिशेब करताना या खडकातून मिळू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के धरले जाते. म्हणजे आपली जमिनीखालची टाकी लहान आहे. एका चांगल्या पावसाळ्यात ती भरते आणि एका वाईट वर्षात रिकामी होते. लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला तर आधार घ्यायला शिल्लक काही उरत नाही.

एक पौंड धान्य

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने पाठ फिरवली. सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांपासून मद्रास इलाखा, म्हैसूर व हैदराबाद संस्थानापर्यंत हा दुष्काळ पसरला आणि १८७८ पर्यंत चालला. ब्रिटिश मुलखात त्यात सुमारे ५५ लाख माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. देशात धान्य मुळीच नव्हते असे नाही. त्या काळातही धान्याची निर्यात चालूच होती. ज्याचे पीक गेले, त्याच्याकडे धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता, ही खरी गोष्ट होती. शेतमजूर, लहान शेतकरी, विणकर हे पहिले बळी ठरले.

सरकारने मदतीची कामे काढली, पण खर्चाची धास्ती मोठी होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून फार मोठी प्राणहानी टाळली होती, पण उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. तोच टेंपल १८७७ मध्ये काटकसरीच्या टोकाला गेला. मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीइतकी मजुरी आणि वर एक आणा पुरे, असे त्याने सुचवले.

हे गणित आपण करून पाहू. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीतून साधारण ३५० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ४५० ग्रॅममधून सुमारे १६००. दिवसभर दगड फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाची गरज आजच्या मोजणीनुसार ३४०० किलोकॅलरींच्या घरात जाते. वरच्या एका आण्यात, दुष्काळातल्या भावाने, मीठ-मिरची, डाळ आणि सरपण भागवायचे होते. उरलेली तूट शरीराने आपल्या मांसातून भरून काढायची. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला वैद्यकीय कारणांवरून कडाडून विरोध केला होता. आहारशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, पण काम करणाऱ्या शरीराला किती अन्न लागते हा प्रश्न दुष्काळी कामांवर त्याच वेळी उभा राहिला होता.

मुंबई इलाख्यातही मजुरी घटवण्याचे हुकूम निघाले. धडधाकट माणसांनी गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर गेले पाहिजे, अशी सक्ती आली. जो खरोखर उपाशी असेल तोच इतक्या दूर, इतक्या कमी मजुरीवर येईल, अशी यामागची कल्पना. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी ही अट नाकारली आणि कामे सोडून ते घरी गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे या सभेचे प्रमुख कार्यकर्ते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि पिकांची स्थिती, भाव व लोकांचे हाल यांचे वृत्तांत सरकारला पाठवले. आपल्याकडे दुष्काळाचे पद्धतशीर, बिनसरकारी सर्वेक्षण झाल्याचे हे फार सुरुवातीचे उदाहरण म्हणता येईल.

संहिता आणि तिचे वाचक

एवढ्या मनुष्यहानीनंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. दुष्काळात प्रजेला जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे त्याने मान्य केले, आणि ते प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये म्हणून लेखी नियमावली हवी अशी शिफारस केली. त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. आज राज्य सरकारे जे करतात त्याचा बराचसा सांगाडा या संहितांतला आहे: अंगमेहनत करू शकणाऱ्यांना काम, वृद्ध-अपंगांना मोफत शिधा, साऱ्याची तहकुबी, तगाई कर्जे, जनावरांसाठी चाऱ्याची सोय.

दुष्काळ ओळखायच्या खुणाही संहितांत होत्या. धान्याचे भाव चढणे, सावकारांनी कर्ज देणे बंद करणे, लोकांचे तांडे भटकू लागणे, चोऱ्या वाढणे. खुणा दिसल्या की ‘चाचणी कामे’ काढायची. त्यांवर माणसांची रीघ लागली तर दुष्काळ खरा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर उपाशी माणूस हेच मोजमापाचे साधन होते. साधन अचूक खरे, पण ते हलू लागेपर्यंत उशीर झालेला असे.

दुसरे मोजमाप महसूल खात्याचे. चांगल्या वर्षीचे पीक सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे आले याचा अंदाज करायचा, ही आणेवारी. पीक सहा आण्यांच्या खाली गेले की साऱ्याच्या तहकुबीचा प्रश्न निघे. साहजिकच आणेवारी हा वादाचा विषय झाला. आणा दोन आण्यांच्या फरकाने गावाचा सारा वाचे किंवा जाई, आणि अंदाज करणारे खातेच सारा वसूल करणारे होते.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा एक नवी गोष्ट घडली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहितेतली कलमे लोकांना समजावून सांगितली. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरून पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, असे सांगू लागले. जे नियम सरकारने आपल्या अधिकाऱ्यांसाठी छापले होते, ते लोक वाचू लागले. सरकारला हे रुचले नाही. कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. नियम असणे आणि नियम लोकांना माहीत असणे यांत किती अंतर आहे, हे त्या प्रसंगातून स्पष्ट झाले.

कायद्यातून गेलेला शब्द

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. १९६३ साली विधिमंडळाने एक वेगळ्याच प्रकारचा कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ हा शब्दच काढून टाकायचा आणि त्याजागी टंचाई या अर्थाचा शब्द घालायचा. शेती आणि वाहतूक सुधारल्यामुळे आता माणसे भुकेने मरतील अशी स्थिती उद्भवणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता. हा विश्वास सर्वस्वी चुकीचा नव्हता. पण शब्द गेल्याने पाऊस नियमित होत नाही. नऊ वर्षांतच त्याची परीक्षा झाली.

१९७० आणि १९७१ ही दोन्ही वर्षे अनेक जिल्ह्यांना वाईट गेली होती. १९७२ मध्ये पावसाने पुरतीच दडी मारली. धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आले. आकड्यांनी पाहिले तर हे संकट एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळांच्या तोडीचे होते. परिणाम मात्र तसा झाला नाही. मृत्यू मुळीच वाढले नाहीत असे नव्हे. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या काळातली वाढ दाखवून दिली आहे, आणि जनावरांची हानी तर प्रचंड होती. पण १८७६ सारखी सामूहिक प्राणहानी टळली.

ती टळली याचे मुख्य कारण दुष्काळी कामे. गावोगाव रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर भरली होती. म्हणजे मुंबईसकट साऱ्या राज्यातला दर दहावा माणूस त्या महिन्यात दुष्काळी कामावर होता. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळे. तिची चव आवडली नाही असे सांगणारे वडीलधारे आजही भेटतात. पण ती विकत घेण्याइतका पैसा मजुरीतून हाती येत होता, ही महत्त्वाची गोष्ट. १८७६ मध्ये नेमके तेच नव्हते.

ही कामे आपोआप निघाली नाहीत. कामे सुरू करा, मजुरी वेळेवर द्या, अशा मागण्यांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर सतत येत होते. वर्तमानपत्रे लिहीत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. निवडून यायचे असलेल्या सरकारला याकडे काणाडोळा करता येत नाही. या कामांत दोषही होते. फोडलेल्या खडीचे ढीग कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षे पडून राहिले. केवळ मजुरी देण्यासाठी काढलेले काम आणि पुढचा दुष्काळ सौम्य करणारे काम यांतला फरक त्या ढिगांनी दाखवून दिला.

मागेल त्याला काम

या फरकाचा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे आधीपासूनच करत होते. ग्रामीण भागात ज्याला काम हवे त्याला ते देण्याची हमी सरकारने घ्यावी आणि त्या श्रमातून मृद्संधारणाची, पाण्याची कामे उभी करावीत, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १ मे १९७२ पासून राज्यात रोजगार हमी योजना जाहीर झाली, पण त्याच वर्षीच्या दुष्काळाने सारी यंत्रणा टंचाईच्या कामांकडे वळली. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा मार्गी लागली. पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी ही छोटी रक्कम खेड्यातल्या मजुरीसाठी होती, आणि तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याने आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरच बदलून टाकले. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, स्त्री-पुरुषांना सारखी मजुरी. चाचणी कामावर जाणारा मजूर आपण उपाशी आहोत हे सिद्ध करायला जात असे. रोजगार हमीवरचा मजूर आपला हक्क बजावायला जाऊ लागला. उशिरा मिळणारी मजुरी, हजेरीपटावरची खोटी नावे, अर्धवट सोडलेली कामे हे दोष या योजनेलाही चुकले नाहीत. तरी २००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा सुमारे तीस वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

अन्नाकडून पाण्याकडे

‘बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता, आता पाण्याचा आहे,’ असे खेड्यातली जुनी माणसे म्हणतात. या निरीक्षणात तथ्य आहे. १९७२ च्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि कठीण खडक वेगाने भेदणारी विंधन यंत्रे आली. त्यांनी हजारो गावांना पिण्याचे पाणी दिले. पुढे हीच यंत्रे शेतांत पोचली. विहिरीचे पाणी गेले की विंधन विहीर, तिचे गेले की आणखी खोल. आपल्या लहानशा टाकीत अधिकाधिक नळ्या घालण्याचाच हा प्रकार. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा कायदा राज्याने १९९३ मध्ये केला. पण प्रत्येक बांधावर पहारा कोण करणार? दुसरीकडे थोड्याशा क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेत राहिला. परिणामी २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत ५०,००० लिटरच्या दहा वाघिणी होत्या. रोज माणशी फक्त वीस लिटर धरले तरी ते पाणी पंचवीस हजार माणसांना एक दिवस पुरणारे, आणि शहराची वस्ती तर काही लाखांची.

टँकर, चारा छावण्या आणि रेल्वे ही दुष्काळ आल्यानंतरची धावपळ झाली. आधीच त्याची धार बोथट करायची तर पाणी मुरवणे आणि वाटून घेणे या दोन्ही गोष्टी लागतात. पहिलीवर सरकारी योजनांचा भर राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात दरवर्षी ५००० गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाले खोल व रुंद करण्यावर त्यात फार जोर राहिला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम न करता नुसता नाला उकरू नये, असे भूशास्त्रज्ञ सांगत होते. २०२० मध्ये आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, मोठा खर्च होऊनही भूजल वाढवण्यात आणि टंचाई दूर करण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका ठेवला.

दुसऱ्या गोष्टीची उदाहरणे थोडी आहेत, पण बोलकी आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरेल, भूमिहीनालाही वाटा असेल, आणि उसाला पाणी मिळणार नाही, हे तिचे नियम. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सरकारी योजनांचाच पैसा वापरून पाणी अडवले, शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी केली, आणि पाऊस मोजून त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत पाडली.

पैसेवारीकडून उपग्रहाकडे

आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांची रेघ आली. अंतिम पैसेवारी हाती येईपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडे. २०१६ मध्ये दुष्काळाविषयीच्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारण्यास सांगितले, आणि त्याच वर्षाअखेर ती आली. तिच्यानुसार आधी पाऊस व पावसातला खंड पाहायचा, मग पेरणीचे क्षेत्र, जमिनीतली ओल, धरणे व भूजलाची पातळी आणि उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती तपासायची, शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर व्हावा अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांतल्या ११२ तालुक्यांत तो गंभीर ठरला. म्हणजे मोजमाप दीड-दोन महिने आधी हाती आले. हा मोठा फायदा आहे.

या पद्धतीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करते. उपग्रह या दोहोंची तुलना करून हिरवेपणाचा अंक काढतो. पण एखाद्या तालुक्यात कालव्याखाली ऊस डोलत असेल आणि माळावरची बाजरी करपली असेल, तर सरासरी अंक बरा दिसू शकतो. आणेवारीत अंदाज करणाऱ्याचा कल आड येत असे, येथे सरासरी आड येते. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाल्यावर बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली. मग हजाराच्या आसपास महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर करून सवलती द्याव्या लागल्या. साधन कितीही आधुनिक असो, ज्याचे पीक गेले त्याला बोलता यावे लागते आणि ते ऐकले जावे लागते.

शाळेला यात करण्यासारखे बरेच आहे. साधा पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोजची नोंद ठेवावी आणि ती मंडळाच्या अधिकृत आकड्याशी ताडून पाहावी. गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजावी. तलाठ्याकडून गेल्या दहा वर्षांची पैसेवारी मिळवून तिचा आलेख काढावा आणि ज्या वर्षी ती पन्नासच्या अगदी जवळ होती त्या वर्षाबद्दल घरच्यांना विचारावे. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलतींचा शासन निर्णय नववी-दहावीच्या वर्गात मोठ्याने वाचावा. परीक्षा शुल्काची माफी त्यात असते, आणि तिची माहिती नसल्याने शुल्क भरणारे पालकही असतात. १८९६ साली कार्यकर्ते गावोगाव जाऊन संहिता वाचून दाखवत होते. आज गावात जी मुले वाचू शकतात, मोजू शकतात, ती आपल्याच वर्गात बसलेली आहेत.